फोटोत दिसेल असा रंग

२० एप्रिल, सोमवार. दुपारी ३.

डोकं दुखतंय. मालनमुळे.

आमच्या कॉन्व्हेंटच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मालन काल आली. चाळीस वर्षं मस्कतला होती, आता पुण्यात राहायला आलीय. पाचवी ते दहावी आम्ही दोघी एका बाकावर बसलो. एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींच्या वेण्या घातल्या आणि नंतर पत्र लिहू लिहू म्हणत दोघींनीही लिहिलं नाही.

कुणीतरी तिला दाखवायला गेल्या वर्षीच्या गेट-टुगेदरचा फोटो टाकला. सोळाजणी, हॉटेलच्या भिंतीपुढे. मालनने एकेकीला नावानिशी ओळखलं. खाली लिहिलं, योगिनी आली नव्हती का गं?

मी त्या फोटोत आहे. दुसऱ्या रांगेत, बरोब्बर मधोमध.

फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. भिंत क्रीम. साडी क्रीम. चेहराही हल्ली त्याच बाजूला झुकलाय. चष्मा तेवढा भिंतीवर टांगल्यासारखा दिसतो. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, भिंतीचा रंग छान आहे, आपल्या हॉलला असाच देऊ.

मालनला काही कळवलं नाही. ‘आले होते’ एवढं लिहायलाही बोट पुढे जाईना.

यंदाचं गेट-टुगेदर दहा मेला आहे, मांडवीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात. मालन येणार आहे. त्या दिवशी मी तिला दिसले पाहिजे. दारातून आत आल्या आल्या. एवढंच. फार मोठं मागणं नाही.

संकल्प: आजपासून रोज मांडवीपर्यंत चालणे. रात्री भात बंद. कपड्यांचा मुळापासून विचार.

२१ एप्रिल, मंगळवार.

चालायला गेले नाही. उकाड्यात चालून चेहरा लाल होतो, आणि सध्या चेहरा जपायचाय.

दर्शनाला ठाण्याला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, तुझी आई फोटोत दिसेनाशी झालीय. लेक म्हणाली, आई, तुझे कलर्स चुकतायत. हल्ली म्हणे ह्याचं शास्त्र आहे. प्रत्येक माणूस एकेका ऋतूचा असतो. तिने मला खिडकीपाशी उभं केलं आणि घरातली एकेक ओढणी, टॉवेल, टेबलक्लॉथ गळ्याशी धरायला लावला. हे चहा मागायला आत आले आणि मला टेबलक्लॉथमध्ये बघून न मागताच परत गेले.

निकाल: मी ऑटम. म्हणजे विटकरी, मोहरी, तांबूस, चॉकलेटी, ऑलिव्ह. क्रीम, बेबी पिंक, पिस्ता आणि आकाशी हे माझे शत्रू. म्हटलं, अगं, रत्नागिरीत ऑटम असतो कुठे? ती म्हणाली, आई, तो आतमध्ये असतो.

फार सुंदर बोलते. माझ्यावर गेलीय.

कपाट उघडून पाहिलं. सगळे शत्रूच. ह्यात माझा दोष नाही. शिवणाच्या तासाला सिस्टर ॲग्नेला म्हणायच्या, भडक रंग बाजारासाठी, फिके रंग लेडीजसाठी. मी तेव्हापासून लेडी आहे. ख्रिसमसच्या नाटकात मालन दरवर्षी एंजल व्हायची आणि मी मेंढी. मेंढीही पांढरीच होती, हे आज लक्षात आलं. दहावीच्या निरोपसमारंभाला मालन झेंडूच्या रंगाचा परकर-पोलका घालून आली होती. सिस्टरांच्या भुवया वर गेल्या त्या जेवण होईपर्यंत खाली आल्या नाहीत. तो परकर मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. मी काय घातलं होतं ते मलासुद्धा आठवत नाही.

रात्री भात खाल्ला. थोडा. आंबा होता म्हणून.

२२ एप्रिल, बुधवार.

हे म्हणाले, एवढा जीव जातोय तर घे की एक नवी साडी. पुरुषांना सगळं सोपं वाटतं. नवी साडी कुणीही घेईल. जी साडी भिंतीपुढे हरली तिलाच जिंकवायचंय.

घरी रंगवणार. एक पुडी, गरम पाणी, मीठ. दर्शनाने रील पाठवलंय, त्यात एक मुलगी अडतीस सेकंदांत कुर्ता रंगवते. माझं वय आणि साडीची लांबी धरून मला तासभर लागेल.

साडी शंभर टक्के कॉटन आहे. दुकानदार शपथेवर म्हणाला होता.

२४ एप्रिल, शुक्रवार.

बाजारात जाऊन ‘रस्ट’ रंगाची पुडी आणली. दुकानातली मुलगी म्हणाली, काकी, एका साडीला दोन लागतील. म्हटलं, मला सटल हवाय.

पुडीवरच्या सूचना फार बारीक अक्षरांत आहेत. सिस्टर ॲग्नेला सांगायच्या, आधी वाचा, मग सुई हातात घ्या. पण त्यांच्या काळी अक्षरं मोठी असायची. सारांश मला कळला.

२५ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.१०.

मोठा टोप गॅसवर. पाणी उकळतंय. मीठ टाकलं. रंग टाकला. काय रंग! भिजलेल्या जांभ्या चिऱ्यासारखा. साडी सोडली. हातात वरणाचा डाव नाही, कपडे वाळत घालायची काठी घेतलीय. मन शांत आहे. हे आधीच का केलं नाही?

७.३५. ढवळतेय.

७.५०. मंजिरीचा फोन आला. ही ग्रुपची ॲडमिन. तिला थोडक्यात सांगितलं.

८.४०. फोन ठेवला. पुन्हा ढवळतेय.

दुपारी १२.३०.

साडी दोरीवर आहे. मी आत आहे.

यमुनाबाई भांडी घासायला आली, दोरीकडे बघून म्हणाली, वैनी, ह्या काय झाला? कोलंबी उकडलात काय?

कोलंबी नाही. ह्याला पीच म्हणतात. तिला रंगांची नावं माहीत नाहीत.

२६ एप्रिल, रविवार.

दर्शनाला फोटो पाठवला. ती म्हणाली, आई, ह्यात पॉलिएस्टर आहे. कॉटनचे धागे रंग प्यायले, बाकीचे नुसते बघत बसले. म्हटलं, दुकानदार शपथेवर म्हणाला होता. ती म्हणाली, कुठल्या साली? ह्याचा काय संबंध ते कळलं नाही.

खिडकीपाशी पीच गळ्याला लावून पाहिला. दर्शनाचं मत, आधी नुसती दिसत नव्हतीस, आता दमलेलीही वाटतेस.

रंग पक्का बसावा म्हणून साडी मशीनमधून एकदा काढली. पाणी वाया जाऊ नये म्हणून ह्यांचे दोन पांढरे बुशशर्ट सोबत टाकले.

२७ एप्रिल, सोमवार.

शर्टांबद्दल आत्ताच काही लिहीत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार.

लिहिते. दोन्ही शर्ट पीच झाले. साडीपेक्षा चांगले झाले. एकसारखे, कडेपर्यंत, कुठे डाग नाही. ते खरोखरच कॉटन असावेत.

मी ह्यांना सांगायची वेळ शोधत होते, तोवर हे त्यातला एक घालून मासळी आणायला निघूनसुद्धा गेले. परत आले ते खुशीत. कट्ट्यावर सगळ्यांनी विचारलं म्हणे, काय राव, आज वाढदिवस की काय? समोरचा हर्षद आपल्या बायकोला म्हणाला, बघ, काकांना किती शोभतोय. एका कोळणीने दोन बांगडे जास्त घातले.

छत्तीस वर्षांत ह्यांच्या शर्टाकडे कुणी पाहिलं नव्हतं. चांगलंच झालं. मला आनंद झालाय. खरंच झालाय.

दहा मेला बारा दिवस आहेत.

२९ एप्रिल, बुधवार.

रात्रभर विचार केला. (झोप लागली होती, पण विचार चालू होता.)

केमिकलचे रंग माझ्या प्रकृतीचे नाहीत. निसर्गाकडे वळायचं. पुडीवर लिहिलं होतं, रंग धरायला मीठ घाला. आता कोकमाचं आगळ म्हणजे काय? रातांब्यांचा रस आणि मीठ. म्हणजे रंग आणि मीठ दोन्ही एकाच बाटलीत तयार. कोकणातल्या बायका शेकडो वर्षं उत्तम रंग फडताळात ठेवून त्याची नुसती सोलकढी करत बसल्या. आगळाचा डाग कधी निघत नाही हे तर लहान पोरालाही ठाऊक. जो डाग निघत नाही त्यालाच तर पक्का रंग म्हणतात!

घरात तीन बाटल्या आहेत. दापोलीच्या वन्संनी भावाच्या सोलकढीसाठी वर्षाच्या पाठवल्यात. एक वापरेन.

३० एप्रिल, गुरुवार.

तिन्ही वापरल्या.

एका बाटलीत पदर भिजेना. दुसरीत निऱ्या राहिल्या. मग तिसरी एकटी ठेवून तरी काय करायची?

जेवताना हे म्हणाले, कढी नाही आज? म्हटलं, उन्हाळ्यात फार आंबट बरं नाही. आमच्या लग्नानंतर ह्यांच्या आईने मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल तर उन्हाळ्यात रोज सोलकढी करायला.

१ मे, शुक्रवार. सकाळी ८.

झाली! झाली!

वाइन. दुसरा शब्द नाही. खाली पीच, वर कोकम, त्यामुळे आतून उजेड आल्यासारखी दिसतेय. सावलीत वाळत घातलीय. मी तीन वेळा चहा घेऊन तिच्यासमोर बसले. पीचचा टप्पा चूक नव्हता, ते अस्तर होतं. हे मला आतून कुठेतरी माहीत असणार.

दर्शनाला पाठवली. तिने लिहिलं, आई!!! तीन उद्गारचिन्हं.

राहवलं नाही. ग्रुपवर टाकलं, ह्या वेळी मी स्वतः घरी रंगवलेली साडी नेसणार आहे, नैसर्गिक रंग. बारा बदाम आले. मंजिरीने लिहिलं, आम्हालाही शिकव. मी लिहिलं, वर्कशॉप घेऊ.

आणि मालनने लिहिलं, योगू, बघायला येतेय.

योगू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. वही मिटते. डोळ्यांत काहीतरी गेलंय.

२ मे, शनिवार.

दुपारी जरा पडले होते. उठून मागच्या दारी आले तर यमुनाबाई मोठ्या समाधानाने साडी पिळत होती.

म्हणाली, आमसुलाचा वास मारत होता नि वर मुंग्या चढलेल्या, म्हणून साबणाच्या पावडरीत घालून खळखळून धुतलाय. मी विचारलं, यमुनाबाई, रंग कुठे गेला? ती म्हणाली, त्याच इचारात मी पन पडलंय वैनी. पानी लावल्याबरोबर लाल होता तो काला पडला, मंग हिरवा. माज्या डोल्यांसमोर. मी काय करनार? मी तुमची वाट बघत धुत ऱ्हायलंय.

तिला रागावता आलं नाही. साबण लागला की कोकम काळवंडतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. जन्मभर टेबलक्लॉथवर पाहत आलोय. फक्त साडीच्या बाबतीत दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आता रंग राखाडी. कडेने हिरवट. पदरावर मुंग्यांच्या रांगेसारखी एक रेघ आहे, ती मुंग्यांची नाही, हे हात लावून पाहिलं.

३ मे, रविवार.

विचार केल्यावर लक्षात आलं की ऑलिव्ह माझ्या यादीत आहे.

दर्शनाला तसं सांगितलं. ती म्हणाली, आई, हा ऑलिव्ह नाही, ही बुरशी आहे. मुलांना वाढवताना आपण किती मऊ बोलतो, आणि मुलं काय बोलतात.

हे आज पुन्हा पीच शर्ट घालून गेले. दुसराही तसाच आहे असं सांगितल्यावर म्हणाले, वा, मग लेंगेही टाक की एकदा.

ग्रुपवर रोज कुणीतरी माझ्या साडीची चौकशी करतं. मी रोज एक हात जोडलेली खूण पाठवते.

४ मे, सोमवार.

चालायला गेले! मांडवीपर्यंत. संकल्प सुरू झाला असं धरायला हरकत नाही. (रिक्षाने गेले, पण तिथे चालले.)

मांडवीला विठू भेटला. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर होडीवर होता, आता नातवाची नायलॉनची जाळी विणत बसतो. त्याला विचारलं, पूर्वी सुती जाळ्यांना तो तांबडा-तपकिरी रंग कसा देत होतात? मला आठवतं, शाळेतून येताना किनाऱ्यावर ती जाळी वाळत असायची. सूर्य मावळायला आला की पेटल्यासारखी दिसायची. मालन आणि मी हातात हात धरून त्यांच्यामधून पळायचो आणि ह्याच विठूच्या आईच्या शिव्या खायचो.

विठू म्हणाला, ऐनाची साल उकलायची आनि जाला त्यात बुडवायचा. सालीचा रंग जायाचा नाय बाय. मानूस जाईल, रंग ऱ्हाईल. मग विचारलं, पन तुमी जाला घेऊन काय करताव? म्हटलं, जाळं नाही, साडी आहे. त्याने हातातली सुई खाली ठेवली. म्हणाला, नेसायची हाय का टाकायची हाय समिंदरात?

विनोदी माणूस आहे. सून घरातून हसली. पण त्याने सुनेकडून जुन्या सालीची पिशवी आणवून मला दिलीच. निघताना तीनदा बजावलं, भांडा तांब्याचा घ्या हां बाय. लोखंड लावू नका.

५ मे, मंगळवार.

साल भिजत घातली. रंग दिसायला लागलाय. ऑटम. अगदी आतमधला.

तांब्याचा हंडा सासूबाईंचा आहे. तो शोकेसशेजारी चकचकीत घासून ठेवलाय आणि त्यात मनीप्लांट आहे. त्याला चुलीवर कसा चढवणार? कंपाउंडच्या कामातलं मोठं घमेलं मागच्या दारी आहे, ते दणकट आहे. लोखंडाचं आहे, पण लोखंडाच्या कढईत भाजी केली तर अंगाला लोह मिळतं असं डॉक्टरच सांगतात. साडीला अपाय व्हायचं कारण दिसत नाही. विठूच्या काळी हे संशोधन झालं नव्हतं.

६ मे, बुधवार. सकाळी १०.

मागच्या दारी तीन दगडांची चूल. घमेलं. साल उकळतेय. सगळ्या आळीला वास सुटलाय, ओल्या होडीसारखा. हर्षदची बायको ईशा कुंपणावरून म्हणाली, काकू, औषध करताय का? हो म्हटलं.

साडी घातली. पाणी तांबडं होतं. बघता बघता ते गडद झालं, मग आणखी गडद.

११.१५. फार गडद.

११.३०. ह्यांनी डोकावून पाहिलं. हे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते. म्हणाले, अगं, साल आणि लोखंड? पूर्वी ह्याचीच तर शाई करायचे.

म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? हे म्हणाले, मला वाटलं तू काढा करतेयस. सोलकढीऐवजी.

७ मे, गुरुवार.

साडी वाळली. वाळली म्हणजे उभी राहिली. कोपऱ्याला टेकवून ठेवली तर टेकून राहते. ह्याला स्ट्रक्चर्ड ड्रेप म्हणतात, मोठ्या शहरांत बायका ह्यासाठी पैसे मोजतात.

रंग: अँटिक ब्राऊन. उन्हात धरली तर तपकिरी. सावलीत काळी. काही ठिकाणी जुना हिरवा वर आलाय, पावसाळ्यानंतरच्या चिऱ्याच्या भिंतीसारखा. भिंत म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं, पण ही निदान क्रीम भिंत नाही.

माझे हात मनगटापर्यंत काळे आहेत. साबण, लिंबू, चिंच, सगळं लावलं. विठूचं खरं आहे, जायचा नाही.

८ मे, शुक्रवार.

मंजिरीचा मेसेज: योगिनीच्या साडीसाठी सगळ्यांनी टाळ्यांची तयारी ठेवा!

हे हळूच म्हणाले, दुसरी नेस एखादी. मी कपाट उघडलं. पिस्ता. आकाशी. बेबी पिंक. सगळ्या मिळून माझ्याकडे बघत होत्या आणि एकीतही मी नव्हते.

मग हे म्हणाले, आजच्या आज जाऊन आणू नवी, मी येतो बरोबर. ह्यांना साड्यांच्या दुकानाचा किती कंटाळा आहे ते मला माहीत आहे. पण ग्रुपवर सांगून बसलेय, घरी रंगवलेली. मालन तीच बघायला येतेय. दुकानातली नेसून खोटं बोलू? सिस्टर ॲग्नेला वरून बघत असतील.

नाही म्हटलं. मग आत जाऊन उगीचच रडले. पाचच मिनिटं.

संकल्प: आत्मविश्वास.

१० मे, रविवार. सकाळी ९.

तयार. निऱ्या बसत नव्हत्या, ह्यांनी खाली बसून धरल्या, यमुनाबाईने वरून दाबल्या. ती म्हणाली, वैनी, लुगडा उबदार हाय. मे महिन्यात ह्याहून वाईटही बोलता आलं असतं.

आरशात पाहिलं. दिसतेय. काहीतरी नक्की दिसतेय.

संध्याकाळी ६.३०.

पाय दुखतायत. क्रमाने लिहिते.

हॉटेलात पोचले तेव्हा दारात कुणी नव्हतं. हॉलमध्ये शिरले. तिथे काम करणाऱ्या बायकांना काळपट तपकिरी साड्या असतात, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. हेमलता, आमच्या बॅचची मॉनिटर, वळून म्हणाली, अहो, इकडे पाणी आणता का जरा? मी पाणी नेऊन दिलं. ग्लास घेताना तिने वर पाहिलं आणि अय्या म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. मंजिरीने टाळ्यांचं ठरवलं होतं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, तेही बरंच झालं.

मालन साडेअकराला आली. मोठा काळा चष्मा. दोन आठवड्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर उजेडात चष्मा काढायचा नाही. दारातच उभी राहून म्हणाली, बायांनो, मला सगळ्या सारख्याच दिसताय, चॉकलेटी, एकेकीने नाव सांगा.

वीस दिवस. दोन शर्ट, तीन बाटल्या आगळ, एक घमेलं.

मग म्हटलं, मालन. एवढंच.

ती आवाजाच्या दिशेने आली आणि माझा दंड धरला. म्हणाली, योगू, अजून तसंच हळू बोलतेस, चर्चमध्ये असल्यासारखी. तो दंड तिने जेवण होईपर्यंत सोडला नाही. पायऱ्या नीट दिसत नसतील म्हणून असेल. हॉलमध्ये पायऱ्या नव्हत्या, पण तिला ते कुठून कळणार?

आइस्क्रीम खाताना तिने विचारलं, कुठला रंग झालाय गं साडीचा? मी म्हटलं, रस्ट. तिने साडीवरून हात फिरवला. म्हणाली, खरखरीत लागतेय. मग वाकून वास घेतला, पुन्हा घेतला. म्हणाली, अगं, ही तर जाळी. ती किनाऱ्यावरची. आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, तुला छान दिसत असणार.

रस्ट म्हणून मी खोटं बोलले हे ह्या वहीत कबूल करते. उद्या प्रार्थना म्हणेन.

साडेचारला सगळ्या गच्चीत गेलो, मागे समुद्र घेऊन फोटो काढायला. हॉटेलातला माणूस कुठे दिसेना. हेमलता म्हणाली, योगिनी, तू काढ, तुझा हात हलत नाही. खरंच हलत नाही. मंजिरी म्हणाली, एक तू काढ, मग दुसरा तुला घेऊन काढू. मी मालनला म्हटलं, फोटोपुरता चष्मा काढ गं, एक सेकंद. तिने काढला. मी एक, दोन, तीन म्हटलं.

तेवढ्यात चिपळूणच्या दोघींच्या गाडीची वेळ झाली. मग सगळ्यांनाच घाई झाली. दुसरा राहिला.

हे न्यायला आले होते, पीच शर्टात. सगळ्यांनी वळून पाहिलं. हेमलता म्हणाली, मिस्टरांचा चॉइस फार छान आहे हो.

११ मे, सोमवार. सकाळी ९.

फोटो ग्रुपवर आला. मीच काढलाय, छान आलाय. समुद्र सरळ आहे.

मी त्यात नाही, ह्याचं सुरुवातीला वाईट वाटलं. मग चहा घेऊन पुन्हा पाहिला आणि उमगलं की ह्यातली एकूण एक बाई माझ्याकडेच बघतेय. गेल्या वर्षी कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळ्या समोर बघत होत्या. ह्या वर्षी समोर मी होते. असा फोटो बॅचमध्ये दुसऱ्या कुणाचाही नाही.

खात्रीसाठी बोटांनी मोठा करून एकेक चेहरा मोजला. सतराजणी. सोळाजणी अगदी थेट माझ्याकडे बघतायत.

मालनला ऊन लागलं. तिचे डोळे मिटलेले आहेत.